पत्ता सगळ्यात शेवटी: मेल पाठवण्याआधीचं एक मिनिट

'सोबत फाइल जोडली आहे, कृपया पाहावी' असं लिहायचं, 'सेंड' दाबायचं आणि पुढच्याच क्षणी ध्यानात यायचं, की फाइल जोडलेलीच नाही. संगणकावर काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी आलेलं असतं. कोणी एका 'पाटीलसाहेबां'चा मेल दुसऱ्या 'पाटीलसाहेबां'ना पाठवतं, कोणी सगळ्यांना उत्तर देऊन बसतं, तर कोणाच्या अर्जात नेमकं कंपनीचंच नाव चुकतं.

कोडं असं, की मेल लिहिताना दहा मिनिटं डोळ्यांसमोर असलेली चूक तेव्हा दिसत नाही आणि मेल गेल्यावर दोन सेकंदांत दिसते. चूक करणारी माणसं आळशी किंवा बेफिकीर असतात असंही नाही. नीटनेटकं काम करणाऱ्या, अनुभवी माणसांच्या हातूनही हेच घडतं. म्हणजे 'जरा लक्ष देऊन पाठवत जा' हा सल्ला कुठेतरी अपुरा पडतो. या चुका टाळायच्या असतील तर दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात: मेल जातो कसा, आणि आपलं मन काम संपवतं कसं.

पाकीट आणि आतलं पत्र

१९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्यानं एकाच खोलीत शेजारी शेजारी ठेवलेल्या, पण केवळ 'अर्पानेट' या जाळ्यानं जोडलेल्या दोन संगणकांमध्ये मेल पाठवून पाहिला. माणसाचं नाव आणि त्याच्या संगणकाचं नाव वेगळं दाखवायला त्यानं अ‍ॅट हे चिन्ह निवडलं. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मेलच्या दळणवळणाची नियमावली लिहिली. 'एसएमटीपी' या नावानं ती ओळखली जाते. तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण आपला आजचा मेलही मुळात त्याच पद्धतीनं प्रवास करतो.

ही पद्धत टपालासारखी आहे. आपण लिहितो ते पत्र, आणि ते ज्यात घालून पाठवलं जातं ते पाकीट. 'सेंड' दाबलं, की आपल्या मेल-सेवेचा संगणक, म्हणजे सर्व्हर, पाकिटावरचा पत्ता वाचतो. अ‍ॅट चिन्हानंतरच्या नावावरून तो इंटरनेटच्या नोंदवहीत पाहतो, की या नावाचं टपाल कोणता सर्व्हर स्वीकारतो. मग त्या सर्व्हरशी संपर्क साधून तो क्रमानं सांगतो: पाठवणारा अमुक, घेणारा तमुक, आणि हे पत्र. समोरच्या सर्व्हरनं 'ठीक आहे' असा होकार दिला, की पत्राची जबाबदारी त्याच्याकडे जाते. हे सगळं बहुधा काही सेकंदांत आटोपतं.

पाकीट असं दुसऱ्याच्या हाती गेल्यावर ते परत मागवण्याची आज्ञा या नियमावलीत नाही. आउटलुकमध्ये 'रिकॉल' नावाची सोय असते, पण ती घेणारा आणि देणारा एकाच संस्थेच्या मेल-व्यवस्थेत असतील तरच चालते. बाहेर गेलेल्या मेलवर तिचा काही इलाज चालत नाही.

मग जीमेलमध्ये दिसणारं 'अन्डू' काय करतं? ते मेल परत आणत नाही. ते मेल पाठवायलाच उशीर करतं. 'सेंड' दाबल्यावर ठरलेले सेकंद मेल आपल्याच सर्व्हरवर थांबून राहतो. तेवढ्यात आपण 'अन्डू' म्हटलं, तर तो निघतच नाही. २००९ साली ही सोय जीमेलमध्ये प्रयोग म्हणून आली आणि २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ५, १०, २० किंवा ३० सेकंद असे पर्याय सेटिंगमध्ये मिळतात. आउटलुकच्या संगणकावरच्या जुन्या आवृत्तीत नियम लावून प्रत्येक मेल १२० मिनिटांपर्यंत थांबवून ठेवता येतो. मेल गेल्यावर चूक दोन सेकंदांत दिसते, हे आपण सुरुवातीला पाहिलं. त्यामुळे हे ३० सेकंद फार मोलाचे आहेत.

फाइल जोडायची का राहते?

मानवी चुकांचे अभ्यासक जेम्स रीझन यांनी १९९० च्या 'ह्यूमन एरर' या पुस्तकात चुकांचे दोन मोठे गट पाडले. एका गटात चुकीचा विचार केल्यामुळे झालेल्या चुका येतात. दुसऱ्या गटात विचार बरोबर असूनही करताना हात चुकणं किंवा एखादी पायरी विसरणं येतं. मेलच्या बहुतेक चुका या दुसऱ्या गटातल्या. फाइल पाठवायची हे माहीत असतं, कोणती पाठवायची हेही माहीत असतं, तरी ती राहते.

याचं कारण मनाच्या एका सवयीत आहे. आपल्या दृष्टीनं कामाचा मुख्य हेतू साधला, की मन ते काम संपलं असं धरतं आणि उरलेली पायरी निसटते. झेरॉक्स काढून झाल्यावर मूळ कागद मशीनमध्येच राहतो तो याच सवयीमुळे. मानसशास्त्रज्ञ याला 'कार्योत्तर चूक' म्हणता येईल अशा वेगळ्या प्रकारात घालतात. एटीएमचं उदाहरण तर प्रसिद्धच आहे. पैसे आधी आणि कार्ड नंतर असा क्रम असला, तर लोक पैसे घेऊन कार्ड तसंच सोडून जातात, कारण ते पैशांसाठी आलेले असतात. म्हणून अनेक यंत्रं कार्ड आधी परत देतात आणि मगच नोटा बाहेर काढतात. लोकांना 'कार्ड विसरू नका' असं वारंवार सांगण्यापेक्षा क्रम बदलणं अधिक उपयोगी ठरलं.

मेलमध्ये आपला हेतू 'सांगणं' हा असतो. 'सोबत फाइल जोडली आहे' हे वाक्य लिहिलं, की मनाच्या लेखी फाइल जोडून झाली. काही मेल-सेवा मजकुरात 'जोडली आहे' अशा अर्थाचे शब्द शोधतात आणि फाइल नसेल तर हटकतात. पण मराठी शब्द ही सोय ओळखेलच याची खात्री नाही. मराठीत मेल लिहिणाऱ्यानं तिच्यावर विसंबून राहू नये.

उपाय एटीएमचाच: क्रम बदलायचा. आधी फाइल जोडायची, मग मजकूर लिहायचा आणि पत्ता सगळ्यात शेवटी भरायचा. पाकिटावर पत्ताच नसेल तर बोट चुकून 'सेंड'वर पडलं तरी मेल कुठेही जाणार नाही. अर्धवट मेल निघून जाणं, फाइल राहणं, रागाच्या भरात लिहिलेलं जाणं, या तिन्ही चुकांना या एका बदलानं आळा बसतो. आलेल्या मेलला उत्तर देताना पत्ता आधीच भरलेला असतो. तेव्हा महत्त्वाचं उत्तर असेल तर तो काढून ठेवावा आणि शेवटी पुन्हा घालावा.

जोडलेली फाइल मेलमधूनच एकदा उघडून पाहावी. बरोबर नावाची पण मागच्या आठवड्यातली आवृत्ती जोडणं ही तितकीच नेहमीची चूक आहे, आणि ती नुसतं नाव वाचून कळत नाही.

फाइल मोठी का होते, आणि आत काय दडलेलं असतं?

सुरुवातीचा मेल फक्त साध्या इंग्रजी अक्षरांसाठी होता. चित्र, आवाज, फाइल पाठवण्याची सर्वमान्य पद्धत १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेन्स्टीन आणि नेड फ्रीड यांनी आखली. त्या पद्धतीत फाइलचे दर तीन बाइट चार अक्षरांत रूपांतरित होतात. त्यामुळे जोडलेली फाइल प्रवासात सुमारे एक तृतीयांशानं फुगते. जीमेलची मर्यादा २५ एमबीची आहे, आणि पुष्कळ कार्यालयांची त्याहून कमी असते. म्हणून आपल्या संगणकावर मर्यादेच्या आत दिसणारी फाइलही कधी कधी परत येते. मोठी फाइल ड्राइव्हवर ठेवून तिची लिंक पाठवावी. ती लिंक समोरच्याला उघडता येते का, आणि नको त्या माणसाला तर उघडत नाही ना, हे दोन्ही तपासावं.

एक्सेलच्या फाइलबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. तिच्यात लपवलेल्या ओळी, रकाने आणि पानं फाइलबरोबरच जातात. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्यातल्या एकानं एक तक्ता मेलवरून पाठवला. त्यात थोड्याच लोकांची माहिती आहे असं त्याला वाटलं होतं. प्रत्यक्षात त्यात ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्या सुमारे १९ हजार अफगाण लोकांचा तपशील होता. न्यायालयाच्या मनाई आदेशामुळे ही गोष्ट जुलै २०२५ पर्यंत जाहीर होऊ शकली नाही. आपल्या गृहनिर्माण संस्थेचा थकबाकीचा तक्ता असो की शाळेतली गुणांची यादी, समोरच्याला जेवढं लागतं तेवढंच नव्या फाइलमध्ये उतरवून तिची पीडीएफ करून पाठवणं हा सुरक्षित मार्ग.

पहिल्या दोन अक्षरांवर सुचवलेला माणूस

पत्त्याच्या रकान्यात दोन अक्षरं टाइप केली, की मेलचा प्रोग्राम नावं सुचवतो. पूर्वी ज्यांना मेल पाठवले आहेत त्यांची तो यादी ठेवतो आणि ज्यांच्याशी जास्त पत्रव्यवहार आहे त्यांना वर आणतो. आपल्याला आत्ता कोण हवं आहे हे त्याला माहीत नसतं. एका कार्यालयात तीन पाटील, दोन जाधव आणि चार कुलकर्णी असणं आपल्याकडे नवं नाही. तिथे पहिल्या नावावर 'एंटर' मारण्याची सवय घात करते. शिवाय एकदा चुकीचा टाइप केलेला पत्ताही या यादीत जाऊन बसतो आणि पुनःपुन्हा सुचवला जातो. असा पत्ता दिसला, की तो यादीतून काढून टाकावा.

ही चूक किती वरपर्यंत जाऊ शकते याचं उदाहरण ऑस्ट्रेलियात घडलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रिस्बेन इथे जी-२० परिषद भरायची होती. तिला येणाऱ्या ३१ नेत्यांच्या जन्मतारखा, पासपोर्ट क्रमांक आणि व्हिसाचा तपशील तिथल्या इमिग्रेशन खात्यातून भलत्याच माणसाला गेला. तो आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेच्या स्थानिक आयोजन समितीचा सदस्य होता. कारण एकच: आपोआप भरलेला पत्ता पाठवणाऱ्यानं तपासला नाही. त्या नेत्यांत भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदीही होते.

पत्त्यात एक अक्षर गळलं तर काय होतं हे चुकून तयार झालेल्या पत्त्यावर ठरतं. त्या नावाचा सर्व्हरच जगात नसेल, तर मेल 'पोहोचला नाही' अशा सूचनेसह परत येतो. पण तो असेल, तर मेल अनोळखी माणसाच्या हाती पडू शकतो. अमेरिकी लष्कराचे पत्ते 'डॉट एमआयएल'नं संपतात. त्यातला 'आय' गळाला, की 'डॉट एमएल' उरतं, आणि ते आफ्रिकेतल्या माली या देशाचं नाव आहे. अशा एका अक्षराच्या चुकीनं लष्करासाठी लिहिलेले मेल वर्षानुवर्षं मालीच्या पत्त्यांकडे जात असल्याचं २०२३ मध्ये उघड झालं.

परत आलेल्या सूचनेविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. समोरचा सर्व्हर तात्पुरता बंद असेल, तर आपला सर्व्हर लगेच हार मानत नाही. नियमावलीच्या सल्ल्यानुसार तो चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करू शकतो. म्हणून शेवटच्या तारखेला अर्ज पाठवून निर्धास्त राहू नये. दोन-तीन दिवस हाताशी ठेवून पाठवावा आणि पोच मागावी.

पैशांचा विषय असेल तर आणखी एक पायरी वाढवावी. मेलमध्ये दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव कोणीही हवं ते लिहू शकतं, आणि उत्तर तिसऱ्याच पत्त्यावर जाईल अशी व्यवस्थाही करता येते. 'आमचं बँक खातं बदललं आहे' असा मेल आला, तर उत्तर देण्याआधी आपल्याकडे पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी.

टू, सीसी आणि बीसीसी

या तीन रकान्यांतला फरक पाकीट आणि पत्र या फरकातच आहे. 'टू'मध्ये ज्याच्याकडून कृती अपेक्षित आहे तो. 'सीसी'मध्ये ज्याला नुसतं माहीत असावं तो. या दोघांचीही नावं पत्राच्या माथ्यावर छापली जातात आणि सगळ्यांना दिसतात. 'बीसीसी'तलं नाव फक्त पाकिटावर असतं, पत्रावर येत नाही. त्यामुळे मेल त्याला पोहोचतो, पण तो पोहोचल्याचं इतरांना कळत नाही.

ज्या लोकांची एकमेकांशी ओळख नाही, अशा अनेकांना एकच मेल पाठवताना हा फरक विसरला, तर त्यांचे पत्ते परस्परांना कळतात. लंडनमधल्या '५६ डीन स्ट्रीट' या दवाखान्यातून सप्टेंबर २०१५ मध्ये एक वार्तापत्र पाठवलं गेलं. ते घेणारे ७८१ जण होते, आणि त्यांतले बहुसंख्य एचआयव्हीबाधित होते. पत्ते 'बीसीसी'ऐवजी 'टू'मध्ये पडले. बहुतेक पत्त्यांबरोबर पूर्ण नावंही होती. ज्या आजाराची गोष्ट माणसं घरच्यांनाही सांगत नाहीत, ती शेकडो अनोळखी लोकांना कळली. दवाखाना चालवणाऱ्या संस्थेला १ लाख ८० हजार पौंड दंड झाला. ब्रिटनच्या संरक्षण खात्यानं सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानात जीव मुठीत धरून असलेल्या लोकांना मेल पाठवताना हीच चूक केली, आणि २०२३ मध्ये त्या खात्याला साडेतीन लाख पौंड दंड झाला.

म्हणून माहिती नाजूक असेल तर 'बीसीसी'वरही विसंबू नये, कारण एका रकान्याच्या चुकीनं सगळं उघडं पडतं. अशा वेळी 'मेल-मर्ज' ही यादीवरून प्रत्येकाचा वेगळा मेल तयार करणारी सोय वापरावी. भारतातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती सुरक्षित राखण्याची वाजवी व्यवस्था न करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाचा विचार बाजूला ठेवला, तरी पालकांचे, रुग्णांचे, सभासदांचे पत्ते आपल्याकडे विश्वासानं दिलेले असतात, ही जाणीव मोठी.

'रिप्लाय ऑल'चा धोका याच्या उलट बाजूचा. नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत एक चाचणी मेल चुकून सुमारे ८ लाख ४० हजार जणांना गेला. 'मला या यादीतून काढा' असं अनेकांनी सगळ्यांनाच उत्तर दिलं. प्रत्येक उत्तराच्या पुन्हा लाखो प्रती निघाल्या, आणि सव्वा तासात सुमारे ५० कोटी मेल तयार होऊन यंत्रणा मंदावली. नको असलेल्या सामुदायिक मेलला सर्वांना उत्तर न देणं हाच असा पूर थांबवण्याचा उपाय आहे.

आणखी एक जागा सहसा कोणी तपासत नाही: मेलच्या तळाशी साठलेला जुना पत्रव्यवहार. लांबलेल्या चर्चेत नवा माणूस जोडताना खालपर्यंत जाऊन वाचावं. दर ठरवताना आपापसांत केलेली बोलणी ग्राहकाला कळतात ती बहुधा इथूनच.

स्वतःची चूक डोळ्यांना का दिसत नाही?

वाचताना डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीत, ते उड्या मारतात. प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकतात आणि छोटे शब्द पुष्कळदा ओलांडून जातात. मधलं सगळं मेंदू अंदाजानं भरून काढतो. मजकूर दुसऱ्याचा असेल तर अंदाज कच्चा असतो, त्यामुळे डोळ्यांना जास्त पाहावं लागतं. स्वतःचा असेल तर पुढे काय आहे हे मेंदूला आधीच ठाऊक असतं. मग 'करता येणार नाही' मधला 'नाही' गळला, तरी आपण तो वाचतोच.

मेल गेल्यावर चूक चटकन दिसते त्याचाही उलगडा इथे होतो. 'सेंड' दाबेपर्यंत आपण लेखकाच्या भूमिकेत असतो आणि काय सांगायचं आहे याकडे लक्ष असतं. ते काम संपलं, की तोच मजकूर आपण घेणाऱ्याच्या नजरेनं पाहू लागतो. ही नजर आधीच आणायची असेल, तर मजकूर अनोळखी करावा लागतो. पुटपुटत का होईना, मोठ्यानं वाचावं. जीभ उड्या मारू शकत नाही, तिला प्रत्येक शब्द घ्यावा लागतो. अक्षरांचा आकार वाढवून वाचावं. महत्त्वाचा मेल आधी स्वतःलाच पाठवून मोबाइलवर उघडावा. आणि नावं, तारखा, वार, रकमा, खाते क्रमांक मूळ कागदाशी ताडून पाहावेत, कारण त्यांतली चूक वाक्य वाचून कळत नाही. 'सोमवार, १२ तारीख' लिहिलं असेल, तर त्या दिवशी सोमवारच आहे ना हे कॅलेंडरवर पाहावं.

शब्द पोहोचतात, सूर पोहोचत नाही

जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधानं लिहून मेलवरून पाठवायची, आणि घेणाऱ्यानं कोणतं वाक्य कशा सुरात आहे ते ओळखायचं. पाठवणाऱ्यांना वाटत होतं, की ७८ टक्के वेळा बरोबर ओळखलं जाईल. प्रत्यक्षात मेल वाचणाऱ्यांचं प्रमाण ५६ टक्के निघालं. दोनच पर्याय असताना डोळे मिटून उत्तर दिलं तरी ५० टक्के मिळतात. तीच वाक्यं आवाजातून ऐकणाऱ्यांनी ७३ टक्के वेळा ओळखली.

लिहिताना आपला आवाज आपल्या कानात असतो, म्हणून तो मजकुरातही उतरला असं वाटतं. 'हे काम अजून झालेलं नाही' हे वाक्य आपण सहज चौकशी म्हणून लिहितो, पण वरिष्ठाकडून आलं तर ते दटावणी म्हणून वाचलं जातं. मराठीत तर 'तुम्ही' आणि 'आपण', 'पाठवा' आणि 'पाठवावे ही विनंती' यांनी सूर बदलतो. म्हणून मान द्यायच्या जागी तो शब्दांतून स्पष्ट द्यावा, थट्टा मेलवर टाळावी, आणि राग असेल तेव्हा मजकूर ड्राफ्टमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वाचावा. वादाचा विषय असेल तर फोन करावा. आवाजाला २००५ च्या प्रयोगातही जास्त गुण मिळाले आहेत.

विषयाच्या ओळीतही समोरच्याचा विचार दिसावा. 'महत्त्वाचे' किंवा 'अर्ज' एवढ्यानं काही कळत नाही. 'लिपिक पदासाठी अर्ज' किंवा 'रविवारच्या सर्वसाधारण सभेची सूचना' असं लिहिलं, तर सहा महिन्यांनी शोधलं तरी मेल सापडतो.

मराठी मजकूर पाठवताना

अजूनही अनेक छापखान्यांत आणि कार्यालयांत मराठी जुन्या फॉन्टमध्ये टाइप होते. त्या फॉन्टमध्ये संगणक आत साठवतो ते इंग्रजी अक्षराचा क्रमांक, आणि फॉन्ट फक्त त्यावर देवनागरी आकार चढवतो. समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल, तर आकार गळून पडतो आणि अर्थहीन रोमन अक्षरांचा ढिगारा उरतो. युनिकोडमध्ये मात्र देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत. 'क'चा क्रमांक २३२५. तो जगातल्या कोणत्याही संगणकावर 'क'च राहतो.

परीक्षा सोपी आहे. मजकूर कॉपी करून मेलमध्ये साधा मजकूर म्हणून, म्हणजे फॉन्टशिवाय, चिकटवा. मराठीच राहिला तर तो युनिकोडमध्ये आहे. रोमन झाला तर आधी रूपांतर करा, किंवा फॉन्ट आत सामावलेली पीडीएफ पाठवा. दिवाळी अंकाला कथा पाठवणाऱ्यापासून ग्रामपंचायतीला अर्ज करणाऱ्यापर्यंत सर्वांनी एवढं पाहिलं, तर दोन्ही बाजूंचा पुष्कळ वेळ वाचेल.

यादीची ताकद

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोमधल्या राइट फील्डवर बोइंगचं एक नवं बाँबर विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं. विमानात दोष नव्हता. जमिनीवर असताना विमानाचं नियंत्रण करणाऱ्या हलत्या भागांना लावलेली कळ काढायची अनुभवी वैमानिकाच्या ध्यानातून राहिली होती. त्या अपघातातून वैमानिकांची तपासणी-यादी जन्माला आली.

तीच कल्पना शस्त्रक्रियेत रुजवण्यासाठी पुढाकार घेणारे शल्यविशारद अतुल गवांदे यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. गवांदे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये १९ मुद्द्यांची यादी तयार केली. ती दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली. २००९ मध्ये निष्कर्ष आले: मोठी गुंतागुंत होण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ वर आणि मृत्यूंचं १.५ टक्क्यांवरून ०.८ वर उतरलं. यादीतले मुद्दे सगळ्या डॉक्टरांना माहीतच होते. फरक पडला तो ठरलेल्या क्षणी थांबून ते म्हणण्यामुळे.

मेलसाठीही हेच लागू आहे. यादी छोटी असावी, आणि 'सेंड'वर बोट जाण्याआधी थांबण्याची एक ठरलेली जागा असावी. पत्ता भरण्याचा क्षण ही ती जागा.

चौकट: पाठवण्याआधी

१. फाइल आधी जोडली का? मेलमधून उघडून पाहिली का? आवृत्ती बरोबर आहे का?
२. फाइलमध्ये किंवा खालच्या जुन्या पत्रव्यवहारात समोरच्यानं पाहू नये असं काही आहे का?
३. नाव, तारीख, वार, रक्कम मूळ कागदाशी ताडून पाहिली का?
४. मजकूर एकदा मोठ्यानं वाचला का? काय हवं आहे आणि केव्हापर्यंत, हे स्पष्ट आहे का?
५. विषयाची ओळ पुरेशी बोलकी आहे का?
६. मराठी मजकूर युनिकोडमध्ये आहे का?
७. आता पत्ता. नाव नव्हे, पूर्ण पत्ता वाचला का? टू, सीसी, बीसीसी बरोबर आहेत का?

तरीही चूक झाली तर

दडवू नये. फाइल राहिली असेल तर त्याच मेलच्या पाठोपाठ एका ओळीत 'फाइल राहिली होती, आता जोडली आहे' असं लिहून पाठवावी. माहिती चुकली असेल तर विषयात 'दुरुस्ती' हा शब्द घालून फक्त बदललेली गोष्ट सांगावी. मेल चुकीच्या माणसाकडे गेला असेल, तर त्याला तो न वाचता पुसून टाकण्याची विनंती करावी. त्यात कोणाची खासगी माहिती असेल, तर आपल्या संस्थेला आणि त्या व्यक्तीला लगेच कळवावं. त्या मेलमध्ये आपला पासवर्ड गेला असेल, तर तो तत्काळ बदलावा.

प्रत्येक मेलला ही सगळी तपासणी लागणार नाही. मित्राला 'येतो' म्हणून कळवायला यादीची गरज नाही. पण ज्या मेलवर कोणाची नोकरी, पैसे, प्रकृती किंवा अब्रू अवलंबून आहे, त्याला एक मिनिट देणं हे आपलं कर्तव्य आहे. आजच आपल्या मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन 'अन्डू'ची मुदत ३० सेकंद करा, वरची चौकट संगणकाजवळ लावा, आणि पुढचा महत्त्वाचा मेल लिहाल तेव्हा पत्ता सगळ्यात शेवटी भरा.